यंत्राची चौकट आणि दुरुस्तीचे खाते

कलबुर्गी म्हणजे तुरीचा मुलूख. येथील तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. डाळ मिलमधील रोलर, पंखे, चाळण्या हंगामात अखंड चालू असतात. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु यंत्र ज्या लोखंडी चौकटीवर उभे असते, तिचा हिशेब शेवटी खतावणीत येतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

फिरणारा कोणताही भाग पूर्णपणे समतोल नसतो. समजा, पंख्याच्या एका पात्यावर, मध्यापासून ३० सेंटिमीटरवर, १० ग्रॅम धूळ चिकटली. मिनिटाला १,४४० फेरे असतील, तर ही चिमूटभर धूळ चौकटीस सुमारे ७ किलो वजनाइतका हिसका देते, आणि तोही सेकंदाला २४ वेळा! वेग दुप्पट केला की हिसका चौपट होतो.

प्रत्येक चौकटीलाही हलण्याची स्वतःची एक गती असते. पंचमीच्या झोक्याला नेमक्या वेळी हलकेच ढकलले तरी तो उंच जातो. तसेच चौकटीची गती सेकंदाला २४ च्या आसपास असली, की लहान हिसकेही साठत जाऊन कंपन वाढते. यास अनुनाद म्हणतात. म्हणून या दोन गतींत निदान २० ते २५ टक्के अंतर ठेवतात.

त्याच लोखंडाचे पाय दुप्पट उंच केले, तर चौकटीचा आडवा ताठपणा आठवा हिस्सा उरतो. तिरप्या पट्ट्या जोडल्या की तो वाढतो. नुसते वजन वाढविल्यास मात्र गती उलट कमी होते. यंत्र बंद करताना मध्येच क्षणभर जोराने थरथरले, तर चौकटीची गती चालू वेगाच्या खाली आहे असे बहुधा समजावे. अशा वेळी अंदाजाने पट्ट्या ठोकल्या, तर ती वर सरकून नेमकी २४ वर यायची! म्हणून आधी मोजावे, मग जोडावे.

आता आमच्या शास्त्राकडे वळू. चांगली चौकट हा एकदाचा भांडवली खर्च; बेअरिंग, पट्टे आणि ऐन हंगामात बंद पडलेली मिल हा दरवर्षीचा भुर्दंड. चौकटीत केलेली काटकसर पहिल्या वर्षी डोळ्यांत भरते. तिच्यामुळे होणारा तोटा मात्र ‘दुरुस्ती’ खात्यात लपून राहतो. कंपनाला कन्नडातही ‘कंपन’च म्हणतात. तेव्हा उद्या हिशेब लिहिणाऱ्या दोन्ही विभागांतील मित्रांनो, दुरुस्तीचे खाते फुगलेले दिसले, तर मालकास आधी चौकट तपासावयास सांगा.