दमा रात्रींच कां बळावतो?



दमेकऱ्याच्या घरांत रात्रीचे दोन भाग असतात. पहिला भाग चारचौघांच्या घरासारखाच जातो. दुसरा दोन-अडीचच्या सुमारास सुरू होतो. कोणी तरी अंथरुणांत उठून बसतें, दिवा लागतो, उशा एकावर एक रचल्या जातात, आणि छातींतून मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज येऊं लागतो. शेजारीं निजलेलें माणूस जागें असतें. पण तसें तें दाखवीत नाहीं. माझ्या घरीं ही रात्र वीस वर्षें चालली. मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त शाळामास्तर आहें. डॉक्टरांनीं मला जें पुढें समजावून दिलें तेंच आज सांगणार आहें, आणि त्याबरोबर माझी एक चूकहि सांगणार आहें. कारण तीच चूक अनेक घरांत आज रात्रीं होणार आहे.

प्रथम कारण पाहूं. दमा रात्रीं वाढतो हें निरीक्षण कांहीं नवें नाहीं. सर जॉन फ्लॉयर नांवाचे एक इंग्रज वैद्य स्वतःच दमेकरी होते. त्यांनीं इ. स. १६९८ मध्यें दम्यावर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, व त्यांत रात्रीं झोपेनंतर येणाऱ्या आपल्या झटक्यांचें वर्णन केलें. उलगडा मात्र अलीकडचा आहे. शाळेप्रमाणें शरीरालाहि वेळापत्रक असतें. आपल्या श्वासनलिका दुपारीं चारच्या सुमारास सर्वांत मोकळ्या आणि पहाटे चारच्या सुमारास सर्वांत आवळलेल्या असतात. निरोगी माणसांत हा फरक इतका थोडा असतो कीं त्याला पत्ताहि लागत नाहीं. दमेकऱ्याच्या नलिकांना अगोदरच आंतून सूज असते. त्याच्यांत हा फरक कधीं कधीं शेंकडा ५० पर्यंत जातो. सूज आटोक्यांत ठेवणारें कॉर्टिसोल हें द्रव्य मध्यरात्रीच्या सुमारास अगदीं कमी होतें. नलिका मोकळ्या ठेवण्यास मदत करणारें अ‍ॅड्रिनलिन पहाटे उतरतें. आणि नलिकांचे स्नायू आवळणारा व्हेगस नांवाचा मज्जातंतु त्याच वेळीं अधिक जोर करतो. पहारेकरी निजलेले आणि चोर जागा, असा हा प्रकार.

कोणी म्हणेल, हा आडवें होण्याचा व झोपेचा परिणाम असेल. तोहि असतोच. परंतु २०२१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत १७ दमेकऱ्यांना मंद उजेडांत, एकाच बैठकींत, सतत जागें ठेवून पाहिलें. तरीहि शरीराच्या आंतल्या घड्याळांत रात्र झाली कीं त्यांचा श्वास मंदावलाच.

आतां माझी चूक. मी डॉक्टरांकडे जात असें तो शाळा सुटल्यावर, सायंकाळीं पांचच्या सुमारास. म्हणजे माझा श्वास जेव्हां सर्वांत चांगला चाले नेमक्या त्या वेळीं. डॉक्टर विचारीत, "काय मास्तर, कसें काय?" मी म्हणें, "ठीक आहे." हें खोटें नव्हतें, त्या वेळीं ठीकच असे. पहाटे तीनला निळा पंप ओढून खिडकीशीं बसणारा मास्तर त्या दवाखान्यांत कधीं गेलाच नाहीं. रात्रीं उठावें लागणें हा दम्याचा स्वभावच, त्यांत सांगण्यासारखें काय, अशी माझी समजूत होती. पुढें पंप महिन्याच्या आंतच संपूं लागला. मीं दुसरा आणला. अखेर एका डिसेंबरांत पहाटे मला वाक्य पुरें करतां येईना. पत्नीनें शेजाऱ्यांना उठविलें, त्यांनीं इस्पितळांत नेलें, आणि दोन दिवस प्राणवायूवर काढले.

तेथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनीं मला चार प्रश्न विचारले. गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यांतून दोनदांहून अधिक झाला काय? दम्यामुळें एकदां तरी रात्रीं जाग आली काय? आराम देणारा पंप आठवड्यांतून दोनदांहून अधिक लागला काय? कामांत, चालण्यांत अडथळा आला काय? माझीं चारहि उत्तरें होकारार्थी निघालीं. तीन आलीं तरी दमा ताब्यांत नाहीं असें समजतात. आणि रात्रीची एक जागसुद्धां या हिशेबांत धरतात. बाई म्हणाल्या, "मास्तर, तुमचें दुखणें रात्रीचें नाहीं. दिवसाचें औषध अपुरें आहे, तें रात्रीं कळतें."

पंप दोन जातींचे असतात, हें येथें नीट लक्षांत घ्यावें. सॅल्ब्युटॅमॉलचा पंप १९६९ पासून वापरांत आहे. तो आवळलेले स्नायू सैल करतो, व त्याचा गुण चार-सहा तास टिकतो. सूज मात्र त्यानें उतरत नाहीं. सूज उतरविणारा पंप स्टेरॉइडचा. तो रोज, त्रास नसतांहि, घ्यावयाचा असतो. स्टेरॉइड म्हटलें कीं आपल्याकडे घरांत सन्नाटा पसरतो. पण ओढून घेतलेली ही मात्रा मायक्रोग्रॅममध्यें मोजतात, व ती बहुतांशीं जेथें हवी तेथेंच काम करते. नंतर खळखळून चूळ भरावी, म्हणजे तोंड येत नाहीं. नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर दम्याचा उपचार करूं नये, असा सल्ला जागतिक तज्ज्ञमंडळानें २०१९ पासून दिला आहे. दोन्ही औषधें एकत्र असलेले पंपहि मिळतात. आपल्याला कोणता योग्य हें डॉक्टरच ठरवितील. पंप थेट तोंडांत मारण्यापेक्षां स्पेसर लावून, सावकाश ओढून, दहापर्यंत आंकडे मोजत श्वास रोखावा. मीं वीस वर्षें औषध जिभेवर उडविलें.

दुसरी वस्तु म्हणजे फुंकर मोजण्याची नळी, पीक फ्लो मीटर. सकाळीं उठल्याबरोबर व सायंकाळीं तींत जोरानें फुंकून आंकडा वहींत लिहावयाचा. माझ्या पहिल्या आठवड्यांत सकाळीं २३० व सायंकाळीं ३४० असे आंकडे येत. ती वही दाखविली, तेव्हां कोठें पहाटेचा मास्तर डॉक्टरांना दिसला. औषध बदलल्यावर तीन महिन्यांनीं दोन आंकड्यांतलें अंतर ३० वर आलें.

घरांतील गोष्टींविषयीं थोडक्यांत सांगतों. त्यांनीं मदत होते, पण त्या औषधाची जागा घेत नाहींत. गादी-उशींतल्या धुळींत डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात. चादरी व अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यानें धुवावे. भिंतीची ओल, झुरळें, डासांची उदबत्ती आणि धूप हीं निजण्याच्या खोलींत नसावींत. विडी-सिगारेट तर घरांतच नसावी. घशाशीं आंबट येत असेल, तर निजण्यापूर्वीं दोन-तीन तास जेवण उरकावें. झोपेची गोळी दमेकऱ्यानें आपल्या मनानें कधींहि घेऊं नये. कोजागिरीच्या रात्रीं खिरींतून दम्याचें औषध देण्याची चाल आपल्याकडे आहे. मींहि तें दोन वर्षें घेतलें व रात्रभर जागलों. त्या रात्रीं दमा आला नाहीं हें खरें. पुढच्या आठवड्यांत आला.

आणि तरीहि रात्रीं झटका आलाच तर? आडवें होऊं नये, सरळ बसावें. डॉक्टरांनीं लिहून दिलेला बेत जवळ असावा. तो नसेल तर सॅल्ब्युटॅमॉलची एकेक मात्रा स्पेसरमधून, प्रत्येक मात्रेला चार श्वास, अशा चार मात्रा घ्याव्या, चार मिनिटें वाट पाहावी, व फरक न पडल्यास पुन्हां चार घ्याव्या. त्यानेंहि उतार नसेल, किंवा बोलतांना वाक्य तुटूं लागलें, ओंठ निळसर दिसले, गुंगी येऊं लागली, तर उजाडण्याची वाट पाहूं नये. छातींतला आवाज एकाएकीं थांबला आणि माणूस मात्र धापाच टाकतो आहे, हें तर सर्वांत वाईट चिन्ह; बरें वाटूं लागलें असें समजून घरचे तेव्हांच फसतात. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती येईपर्यंत औषध चालू ठेवावें, कोणी तरी जवळ बसावें, आणि दाराची कडी अगोदरच काढून ठेवावी.