वारसा हाडांचा

सुरुवातीला कुत्रं नुसतं लंगडतं. सात-आठ वर्षांचं, थोराड बांध्याचं कुत्रं. धावताना पाय मुरगळला असेल असं सगळे धरून चालतात. औषधानं चार दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा लंगडणं सुरू होतं. एक्स-रे काढला की पुढच्या पायाच्या मनगटावरचं हाड आतून पोखरलेलं दिसतं आणि कडेनं नव्या, कच्च्या हाडाचे काटे फुटलेले असतात. शेजारचा सांधा मात्र बहुधा शाबूत असतो. हा ओस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग. पुढच्या पायात कोपरापासून दूर, मागच्या पायात गुडघ्याजवळ, ही त्याची नेहमीची ठिकाणं. निदान होईपर्यंत सुमारे ९० टक्के कुत्र्यांमध्ये त्याच्या पेशी फुप्फुसात शिरलेल्या असतात, फक्त एक्स-रेत दिसत नाहीत. म्हणून नुसता पाय काढला तर बहुतेक कुत्री चार-पाच महिनेच जगतात. जोडीला केमोथेरपी दिली तर साधारण वर्षभर.

हाच आजार माणसांत मुख्यतः वयात येणाऱ्या मुलामुलींना होतो, उंची झपाट्यानं वाढत असताना, बहुतेकदा गुडघ्यापाशी. अमेरिकेत वर्षाला जेमतेम हजार माणसांना तो होतो, कुत्र्यांना मात्र दहा हजारांहून अधिक. मुलांच्या उपचारांत १९८० च्या दशकानंतर फारशी मोठी झेप घेता आलेली नाही. रुग्ण इतके थोडे आणि प्रत्येकाच्या गाठीत गुणसूत्रांची इतकी मोडतोड, की मूळ कारण हाती लागणं कठीण. त्यामुळे संशोधक कुत्र्यांकडे वळले.

हा रोग सगळ्या कुत्र्यांना सारखा होत नाही. ग्रेहाउंड, रॉटवायलर, आयरिश वुल्फहाउंड, ग्रेट डेन या जातींत तो वारंवार दिसतो, लहान चणीच्या कुत्र्यांत क्वचितच. स्कॉटिश डीअरहाउंडमध्ये तर शंभरातल्या पंधराहून अधिक कुत्र्यांना तो गाठतो. आजच्या बहुतेक जाती गेल्या दोनेकशे वर्षांत घडवल्या गेल्या. मोजकी कुत्री निवडायची, त्यांच्या वंशाबाहेर संकर होऊ द्यायचा नाही, हवी ती उंची आणि हवा तो चेहरा मिळेपर्यंत पैदास करत राहायचं. त्या उंचीबरोबर काय काय वंशात उतरत होतं, ते कुणी पाहिलं नाही. बंद वंशामुळे एका जातीतल्या कुत्र्यांचे डीएनएचे लांबच लांब पट्टे सारखे असतात, म्हणून माणसांत जे शोधायला हजारो रुग्ण लागतात, ते इथे काहीशे कुत्र्यांत सापडू शकतं.

ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जनुकीय आराखडा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या शोधाला पाया मिळाला. २०१३ मध्ये एलिनॉर कार्लसन, शेश्टिन लिंडब्लाड-टो आणि सहकाऱ्यांनी ग्रेहाउंड, रॉटवायलर आणि आयरिश वुल्फहाउंड या तीन जातींतली आजारी आणि निरोगी कुत्री तपासली. धोका वाढवणाऱ्या ३३ जागा सापडल्या. आजार कुणाला होतो आणि कुणाला नाही, यातला ५५ ते ८५ टक्के फरक त्यांनी उलगडत होता. बऱ्याच जागा हाडांच्या वाढीशी निगडित जनुकांजवळ होत्या. ग्रेहाउंडमधली सर्वांत ठळक जागा सीडीकेएन२ए आणि २बी या जनुकांपासून दीड लाख अक्षरं अलीकडे होती. ही जनुकं पेशींचं अनिर्बंध विभाजन रोखतात. बदल जनुकात नव्हता, तर त्याचा दिवा लावणाऱ्या-मालवणाऱ्या बटणासारख्या एका तुकड्यात होता. माणसाच्या ओस्टिओसार्कोमाच्या पेशींत घालून पाहिला, तर तिथेही तो तुकडा जोमानं काम करत होता.

मला या निष्कर्षांतली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. ग्रेहाउंडमध्ये ठळक ठरलेला तो बदल रॉटवायलर आणि वुल्फहाउंडमध्ये ९० टक्क्यांहून अधिक प्रमाणात आहे. म्हणजे पिल्लाची चाचणी करून निरोगी वंश निवडू म्हटलं, तर निवडायला जातीत जवळपास कुणी उरलेलंच नाही. अशा ठिकाणी बाहेरचं रक्त आणणं हाच मार्ग दिसतो, आणि वंशशुद्धीचा अभिमान नेमका त्याच्याच आड येतो.

पुढे २०१८ आणि २०१९ मध्ये खुद्द गाठींचा डीएनए वाचला गेला. माणसांप्रमाणेच टीपी५३ हे जनुक बिघडलेलं मिळालं, शिवाय सेटडी२ मधले बदलही वारंवार दिसले. कुत्र्यांनी मुलांसाठी याआधीही वाट करून दिली आहे. युरोपात २००९ मध्ये मंजूर झालेलं मिफामुर्टाइड हे औषध आधी पाय काढलेल्या कुत्र्यांवर तपासलं गेलं होतं. कुत्र्यांच्या वाट्याला मात्र आजही बहुतेकदा तोच पाय काढणं आणि तेच वर्षभर. ही परतफेड पुरेशी नाही.

आपल्याकडेही हौसेनं रॉटवायलर आणि ग्रेट डेन घरी आणले जातात. पिल्लू घेताना त्याच्या आईबापांची बक्षिसं विचारण्याऐवजी आजी-आजोबा कशानं गेले ते विचारा. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या रॉटवायलरमध्ये हाडाच्या कर्करोगाचा धोका सुमारे चारात एक, असं २००२ च्या एका अभ्यासात आढळलं होतं. तेव्हा शस्त्रक्रिया कधी करायची, ते पशुवैद्याशी बोलून ठरवा. आणि मोठं कुत्रं लंगडू लागलं, दोन आठवड्यांत बरं झालं नाही, तर गोळ्या बदलत बसू नका, एक्स-रे काढून घ्या.