गाविलगड : चित्रकार उभा कुठे होता?

किल्ल्याचं जुनं चित्र समोर आलं की आपण आधी म्हणतो, 'वा, काय सुंदर काढलंय!' आज मी तुम्हाला दुसरा प्रश्न विचारायला सांगणार आहे. चित्र काढणारा उभा कुठे होता? उदाहरण आपल्या वऱ्हाडातलंच घेऊ, चिखलदऱ्याचा गाविलगड.

पहिलं चित्र किल्ल्यावरच कोरलेलं आहे. दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड आहे आणि त्याने हत्ती धरलेले आहेत. हत्ती म्हणजे त्या काळचं सैन्यबळ. ते पेलणारा पक्षी म्हणजे इथला राज्यकर्ता. आत येणाऱ्याला दारातच दिलेली ही ताकीद. हे चित्र मालकाच्या नजरेचं.

दुसरी नजर प्रवाशाची. कंपनीच्या फौजेतले कॅप्टन ग्रिंडले यांनी पश्चिम भारतातल्या देखाव्यांचं पुस्तक १८२६ ते १८३० या काळात लंडनला काढलं. त्यात आपला दौलताबादही आहे. जागेवरच्या रेखाटनांवरून लंडनच्या व्यावसायिक चित्रकारांनी ही चित्रं सजवली. या धाटणीच्या चित्रांत चित्रकार बहुधा दूर, पायथ्याशी असतो. मागे उंच कडा, पुढे एखादं झाड, चार माणसं. आता गाविलगड असाच अचलपूरच्या मैदानातून, म्हणजे दक्षिणेकडून काढला तर? तुटलेला कडा आणि माथ्यावर तट. बघणारा म्हणेल, हा किल्ला कोणाच्या बापाला घेता येणार नाही!

तिसरी नजर मात्र वेगळं सांगते. डिसेंबर १८०३. किल्ला नागपूरकर भोसल्यांचा, समोर जनरल आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन. वेलस्लीने आपल्या अहवालात किल्ल्याचं शब्दचित्रच काढलंय. त्यात रंग नाहीत, उतार आहेत. दक्षिणेच्या दरवाजाची वाट लांब, उभी, फक्त माणसांच्या चढणीची. वायव्येची वाट अरुंद, आणि बराच वेळ किल्ल्याच्या माऱ्यात. उत्तरेला लबाडा गावाकडे मात्र जमीन किल्ल्याच्या बरोबरीची! तिथे पोचायला अचलपूरहून डोंगरातून सुमारे ३० मैल जावं लागे. स्टीव्हन्सनच्या सैन्याने त्या वाटेने तोफा ओढत नेल्या. बाहेरच्या तटांना खिंडारं पडली. आतला तट शाबूत होता. तिथे कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून चढली आणि तिने दरवाजा उघडला. १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोन दिवसांत देवगावचा तह झाला.

म्हणजे बघा, किल्ला एकच. दक्षिणेकडून अजिंक्य आणि उत्तरेकडून सपाट. दोन्ही चित्रं खरी, पण एकेकटं कोणतंच पुरं नाही. आणि तिन्ही नजरांत एक गोष्ट सारखी आहे. आत राहणाऱ्या शिपायाने, त्याच्या बायकापोरांनी हा किल्ला कसा पाहिला, ते यातल्या एकाही चित्रात नाही.

पुढे १८५८ मध्ये, तात्या टोपेंच्या हाती लागू नये म्हणून, इंग्रजांनी किल्ल्याची तटबंदी निकामी केली. त्यामुळे आज आपण पाहतो तो त्याआधीचा गाविलगड नव्हे. म्हणून अशा किल्ल्यांची जुनी चित्रं, नकाशे, वर्णनं फार मोलाची. ती भिंतीवर जरूर लावा. पण लावताना तीन गोष्टी तपासा. काढणारा कोणत्या दिशेला उभा होता, कोणासाठी काढत होता, आणि किल्ल्याची कोणती बाजू त्याने दाखवलीच नाही.