जन्मजात सिफिलिस : उपचार ३० दिवस आधी हवेत

अमेरिकेत २०२२ मध्ये ३,७०० हून अधिक बाळांना जन्मजात, म्हणजे आईकडून गर्भातच लागलेला, सिफिलिस आढळला. २०१२ च्या दहापटीहून जास्त. यातली जवळपास ९० टक्के प्रकरणे टाळता आली असती, असे तिथली सरकारी आरोग्य संस्था सीडीसी सांगते. चीड येते ती याची, की निम्म्याहून अधिक आयांचा आजार गरोदरपणातच तपासणीत सापडला होता, पण उपचार अपुरे पडले किंवा उशिरा झाले. औषध जुनेच, बेंझाथिन पेनिसिलिन. संसर्ग जुना असेल तर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने. मध्ये फार खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि हे सारे प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी सुरू व्हावे लागते. गरोदरपणात डॉक्टरांच्या पहिल्याच भेटीत रक्त तपासून घ्या, रिपोर्ट मागून घ्या.