आधी तयारी, मग नोंद!

घरात नवा नळ बसवताना तुम्ही पाहिले असेल. नळ घट्ट बसण्यापूर्वीच कोणी गच्चीवरच्या टाकीचा कॉक उघडला, तर काय होईल? घरभर पाणी! संगणकातही अशीच फजिती होऊ शकते.

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नेल. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी तयार केलेला लिनक्स हा असाच एक कर्नेल. नेटवर्क कार्डाकडून काम करून घेणाऱ्या त्यातील आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. कार्ड सुरू करताना ड्रायव्हर स्मृतीत जागा राखतो, येणाऱ्या पॅकेटांसाठी रांगा मांडतो, कार्डाची हाक, म्हणजे इंटरप्ट, ऐकण्याची सोय करतो आणि ‘कार्ड तयार आहे’ अशी नोंद करतो.

समजा, रांगा मांडण्याआधीच ही नोंद झाली. त्याच क्षणी दुसरी एखादी आज्ञावली कार्ड वापरू लागेल. पण रांगा कुठे आहेत? तयारी आधी पुरी होते की वापरणारा आधी पोहोचतो, अशी ही शर्यत! म्हणूनच या दोषाला ‘रेस’ म्हणतात. बहुतेक वेळा ड्रायव्हरच जिंकतो, त्यामुळे दोष लपून राहतो. एखाद्या वेळी तो हरतो, कर्नेल कोसळतो आणि सारा संगणक ठप्प होतो.

उपाय साधा आहे. नोंद सर्वांत शेवटी करायची.

कार्ड बंद करताना क्रम नेमका उलटा. आधी नोंद काढायची, मग कार्डाच्या हाका थांबवायच्या, हाती घेतलेले काम संपेपर्यंत वाट पाहायची आणि मगच स्मृती मोकळी करायची. ही घाई किती महागात पडते पाहा. सेकंदाला १ अब्ज बिट वाहणाऱ्या जोडणीवर लहानात लहान पॅकेटे सेकंदाला सुमारे १५ लाख येऊ शकतात. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात दीड हजार! मोकळी केलेली जागा एव्हाना दुसऱ्या कामाला दिलेली असेल, तर उशिरा आलेले पॅकेट तिथलीच माहिती पुसून टाकेल.

असे दोष पकडण्यासाठी लिनक्समध्ये एक युक्ती आहे. अनेक उपकरणांत सामाईक असलेली हाक ऐकणे ड्रायव्हर बंद करू लागला, की मुद्दाम एक खोटी हाक दिली जाते. तिने ड्रायव्हर गडबडला, तर आवराआवरीचा क्रम चुकला आहे असे समजावे.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. तयारीच्या पाच पायऱ्यांपैकी चौथी फसली, तर ड्रायव्हरने काय करावे? उत्तर वर दडलेले आहे: आधी तिसरी, मग दुसरी, मग पहिली पायरी मोडायची!