स्टिक, फोन आणि कॉम्प्युटर एकाच पातीत आणा

१६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद. नावा वर ओढल्यात, जाळी दुरुस्तीला काढलीत आणि घरातली सगळी माणसं एकदम घरात. या दिवसांत कार्यालयात येणारे प्रश्नही बदलतात. एरवी बर्फ, मत्स्यबीज, जाळ्याचा दोरा यावर बोलणं होतं. सध्या दर दोन दिवसांनी कुणीतरी खिशातून टीव्हीची स्टिक काढून टेबलावर ठेवतं. "लावली, चित्र पण आलं, पण फोनला दिसतच नाही." म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू.

सुरुवात निसरपूरकडच्या आमच्या एका सभासदाच्या घरापासून करतो. २०१९च्या सप्टेंबरात सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरलं तेव्हा त्यांचं जुनं घर पाण्यात गेलं. सामान हलवायच्या आधी थोरल्या मुलाने फोनवर सगळं टिपून ठेवलं होतं: ओसरी, मागचं लिंबाचं झाड, घाटाकडे जाणारी वाट, शेजाऱ्यांची दारं. फोन बदलले तसे ते व्हिडिओ घरच्या कॉम्प्युटरमध्ये गेले आणि तिथेच पडून राहिले. आजींना फोनच्या एवढ्याशा काचेवर काही दिसत नाही. मुलगा देवासला कारखान्यात आहे, तो सुट्टीला येताना स्टिक घेऊन आला की आजीला घर मोठ्या पडद्यावर दाखवू. तीन संध्याकाळी गेल्या. स्टिकवर सिनेमे लागत होते, गाणी लागत होती, पण घरातलाच कॉम्प्युटर स्टिकला सापडत नव्हता. चौथ्या दिवशी आम्हाला बोलावणं आलं.

बिघाड कशातच नव्हता. स्टिक एका जाळ्यात होती आणि कॉम्प्युटर दुसऱ्यात.

हे समजायला देवासचं उदाहरण घ्या. देवास गाव एकच, पण तिथे राज्यं दोन होती: थोरली पाती आणि धाकटी पाती. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोन पवार भावांपासून ही वाटणी चालत आली. दोन गाद्या, दोन दरबार, दोन कारभार. १९४८ मध्ये दोन्ही राज्यं मध्य भारतात विलीन झाली, पण जुनी माणसं अजून सांगतात की कुठली गल्ली कुठल्या पातीत होती. (धारकरांना हे समजावून सांगावं लागतं. धारला गादी एकच.) घरातल्या राउटरचं तसंच असतं. एकाच डब्यातून दोन नावं निघू शकतात. एक घरचं, एक पाहुण्यांसाठीचं, ज्याला 'गेस्ट' म्हणतात. दोन्हीवर नेट चालतं, म्हणून आपल्याला वाटतं सगळं जोडलेलं आहे. पण गेस्टवरच्या यंत्राला घरच्या यंत्रांची दारं बंद ठेवलेली असतात. ते मुद्दामच केलेलं असतं, पाहुण्याने तुमच्या कॉम्प्युटरमध्ये डोकावू नये म्हणून. या घरी राउटर बसवून गेलेल्या माणसाने गेस्टचा सोपा पासवर्ड सांगितला होता, तोच स्टिकमध्ये घातला गेला. एवढंच.

तर पहिलं काम: फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये नाव बघा, स्टिकच्या सेटिंगमध्ये नाव बघा, कॉम्प्युटरचं बघा. तिन्ही एकच हवीत. राउटरवर २.४ आणि ५ अशी दोन नावं दिसली तर घाबरू नका. बहुतेक राउटरवर ती आतून एकाच पातीतली असतात, नुसते दोन रस्ते. ५चा रस्ता वेगवान, पण भिंत आली की दमतो. २.४ सावकाश, पण भिंतीपलीकडे जातो. आपल्याकडच्या जुन्या घरांत, वाड्यांत, हातभर जाडीच्या भिंती असतात. राउटर ओसरीवर आणि टीव्ही आतल्या खोलीत असेल तर २.४च घ्या. जुन्या किंवा स्वस्त स्टिकला तर ५ दिसतही नाही. यादीत नाव नसेल तर स्टिक बिघडली असं समजू नका.

आता लावण्याबद्दल. स्टिक टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या खाचेत जाते, मग टीव्हीच्या रिमोटवरून 'सोर्स' दाबून तीच खाच निवडायची. डब्यात वीतभर वायरचा एक तुकडा येतो, तो लोक फेकून देतात. फेकू नका. स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटून राहिली की वायफाय कमी पकडते, त्या तुकड्याने ती थोडी बाहेर येते. आणि वीज सोबतच्या ॲडाप्टरमधूनच द्या. टीव्हीच्या यूएसबीतून दिली तर सुरू होते, पण तिथून बऱ्याचदा अर्धा ॲम्पियरच मिळतो. मग सिनेमा ऐन रंगात आला की स्टिक बंद पडून पुन्हा पहिल्यापासून चालू होते. आमच्याकडे आलेल्या 'खराब' स्टिकपैकी बऱ्याच ॲडाप्टर बदलल्यावर सुधारल्या.

ज्यांच्याकडे राउटर नाही, फोनच्या हॉटस्पॉटवरच भागवतात, त्यांनी हिशोब आधी करावा. साध्या चित्राला तासाला साधारण एक जीबी लागतं, एचडीला तीन जीबीपर्यंत. रोजचं दीड जीबीचं पॅक एचडीवर अर्ध्या तासात संपेल, आणि मग त्या दिवशी बाजारभाव विचारायला व्हॉट्सॲपही नीट चालणार नाही. स्टिकवरच्या ॲपमध्ये चित्राची प्रत कमी करून ठेवा. दुसरी अडचण अशी की ज्या फोनचा हॉटस्पॉट आहे, त्याच फोनवरून चित्र टीव्हीवर टाकायला गेलं तर अनेकदा स्टिक दिसत नाही. घरातला दुसरा फोन त्या हॉटस्पॉटला जोडा आणि त्याच्यावरून करा.

कॉम्प्युटरमधले व्हिडिओ दाखवायची रीत वेगळी आहे, आणि आम्हाला विचाराल तर स्टिकचा खरा उपयोग इथे आहे. कारण यात नेटचा डेटा जात नाही. व्हिडिओ कॉम्प्युटरवरून राउटरला आणि राउटरवरून टीव्हीला जातो, घरातल्या घरात. बाहेरच्या नेटची गरज फक्त सुरुवातीला ॲप उतरवताना.

कॉम्प्युटर विंडोजचा असेल तर आधी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'पब्लिक'च्या जागी 'प्रायव्हेट' करा. पब्लिक म्हणजे कॉम्प्युटरला वाटतं आपण बस स्टँडवर आहोत, म्हणून तो कुणाला ओळख देत नाही. (आणि खरोखर बाहेरच्या वायफायवर असाल तेव्हा पब्लिकच असू द्या.) मग एकच फोल्डर करा, दाखवायचे व्हिडिओ त्यातच ठेवा, त्यावर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज, शेअरिंग या वाटेने तो शेअर करा. अख्खी डी ड्राइव्ह शेअर करू नका, त्यात बँकेची कागदपत्रं, आधारच्या प्रती सगळंच असतं. स्टिकवर व्हीएलसी हे फुकट मिळणारं ॲप घ्या. त्यात लोकल नेटवर्कच्या भागात कॉम्प्युटरचं नाव दिसेल. नाव आणि पासवर्ड विचारेल, तो कॉम्प्युटरचाच. इथे बरेच जण अडकतात: रोज कॉम्प्युटर उघडताना आपण चार आकडी पिन टाकतो, तो इथे चालत नाही, पूर्ण पासवर्ड लागतो. आणि व्हिडिओ चालू असताना कॉम्प्युटर झोपी जाणार नाही अशी सेटिंग ठेवा, नाहीतर पडदा मध्येच काळा होतो.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, एवढा खटाटोप कशाला? बरोबर आहे. एकदाच एक व्हिडिओ दाखवायचा असेल तर पेनड्राइव्हवर घ्या, टीव्हीला लावा, झालं. पण पेनड्राइव्ह हरवतो, कुणीतरी पुसून त्यात गाणी भरतं. ज्यांच्याकडे बुडालेल्या गावाचे, गेलेल्या माणसांचे व्हिडिओ आहेत त्यांनी ते कॉम्प्युटरमध्ये एक आणि दुसऱ्या कुठल्या डिस्कवर एक, अशा दोन जागी ठेवावेत. ते पुन्हा काढता येणार नाहीत.

त्या घरी शेवटी स्टिक गेस्टवरून काढून घरच्या वायफायवर आणली, पासवर्ड टाकला आणि फोल्डर उघडला. आजी काही बोलल्या नाहीत. घाटाची वाट आली तेव्हा म्हणाल्या, "थांबव." ते चित्र तसंच पडद्यावर ठेवून घरच्यांचा चहा झाला, आमचाही झाला.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी वाचावी, बाकीचं सोडलं तरी चालेल. आमच्या एका सभासदाने स्टिक अडकल्यावर इंटरनेटवर 'कस्टमर केअर' असं शोधून मिळालेल्या नंबरला फोन केला. समोरच्याने सांगितलं, ॲक्टिव्हेशनचे पैसे भरावे लागतील, आणि फोनमध्ये एक ॲप उतरवायला लावलं. ते ॲप तुमचा पडदा समोरच्याला दाखवणारं होतं. खात्यातून पैसे गेले, हंगामाच्या सुरुवातीला जाळ्यासाठी ठेवलेले. नुसती स्टिक सुरू करायला कसलंही ॲक्टिव्हेशन शुल्क लागत नाही. सिनेमाच्या ॲपची वर्गणी वेगळी, ती तुम्ही ॲपमध्ये स्वतः भरता. मदतीचा नंबर डब्यावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या साईटवरचाच घ्या. कुणी ओटीपी मागितला किंवा पडदा दाखवणारं ॲप उतरवायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त. आमच्या सभासदाने घरच्यांना सांगायलाच दोन दिवस लावले.

नाव पुन्हा पाण्यात जाईपर्यंत संध्याकाळी कार्यालयात कुणी ना कुणी असतं. येताना स्टिक, तिचा ॲडाप्टर, रिमोट आणि राउटरच्या तळाला चिकटवलेल्या कागदाचा फोटो आणा. त्यावर पासवर्ड छापलेला असतो, तेव्हा तो फोटो ग्रुपवर टाकू नका, फोनमध्येच आणा. आणि रिमोटचे सेल बदलून बघून मगच निघा. मागच्या आठवड्यात दोघांचं काम सेलमध्येच होतं.