शेत एकाचें, शोध दुसऱ्याचा

1992 सालच्या नोव्हेंबर महिन्यांत इंग्लंडच्या सफोक परगण्यांतील हॉक्सन या खेड्यांत एका शेतकऱ्याचा हातोडा शेतांत हरवला. तो शोधून देण्याविषयीं त्यानें आपले स्नेही एरिक लॉज यांना विनंति केली. कारण नोकरींतून निवृत्त होतांना लॉज यांना धातुशोधक यंत्र भेटीदाखल मिळालें होतें. हातोड्याचा शोध चालला असतां यंत्र वाजूं लागलें, आणि मातींतून चांदीचे चमचे व सोन्याचीं नाणीं वर येऊं लागलीं. लॉज यांनीं अधिक खणण्याचा मोह आवरला. पोलिसांना आणि जमिनीच्या मालकाला, म्हणजे तेथील काउंटी कौन्सिलला, वर्दी देण्यांत आली. दुसऱ्या दिवशीं पुराणवस्तुसंशोधक आले. रोमन अमदानीच्या अखेरचीं सुमारें 15,000 नाणीं व 200 च्या आसपास सोन्यारुप्याच्या वस्तू त्यांनीं बाहेर काढल्या. इतकेंच नव्हे, तर त्या पेटींत कोणत्या मांडणीनें ठेविल्या होत्या हेंही त्यांना ओळखतां आलें. हातोडाहि सांपडला, आणि तोहि आज ब्रिटिश म्यूझियमच्या संग्रहीं आहे.

हें धन साडेसतरा लाख पौंडांचें ठरलें. बक्षिसाची रक्कम लॉज यांच्या हातीं आली आणि तींत त्यांनीं शेतकऱ्याला वाटेकरी केलें. तसें करण्याची सक्ति त्या काळच्या कायद्यांत नव्हती.

या प्रकरणाची कीर्ति सोन्यामुळें झाली. परंतु तें सुरळीत पार पडलें तें शोधणारा बोलावण्यावरून शेतांत आला होता म्हणून. इंग्लंड व वेल्समध्यें असें यंत्र बाळगण्यास परवाना लागत नाहीं. लागते ती जमिनीच्या मालकाची संमति. ती नसेल तर शेतांत पाऊल टाकणें हेंच अतिक्रमण होय, आणि सांपडलेली वस्तु खिशांत घालणें ही चोरी होय. कारण उघड आहे. मातींत दडलेलें शिशाचें वजन, पितळेचें बक्कल, एकटें पडलेलें जुनें नाणें, हें सर्व सामान्यतः ज्याची जमीन त्याचें. यंत्र ज्याचें त्याचें नव्हे.

याला अपवाद ‘ट्रेझर’ म्हणजे निधीचा. 1996 च्या कायद्याप्रमाणें निदान 300 वर्षांची जुनी आणि दहावा हिस्सा तरी सोनें वा रुपें असलेली वस्तु, अथवा एकत्र सांपडलेलीं तशींच दोन किंवा अधिक नाणीं, हीं निधींत मोडतात. 2023 सालीं ही व्याख्या वाढवून 200 वर्षांहून जुन्या पण इतिहासदृष्ट्या असामान्य वस्तूहि तींत घेण्यांत आल्या. असा निधि सांपडल्यास 14 दिवसांचे आंत कॉरोनरला कळवावें लागतें. हा अधिकारी पूर्वीं मुंबईंतहि असे, पण तेथें लोकांना तो ठाऊक होता तो अपमृत्यूच्या चौकशीपुरता. एखाद्या संग्रहालयानें निधि घेतला, तर त्याचें मोल ठरवून बक्षीस दिलें जातें. प्रघात असा कीं, अर्धें शोधणाऱ्याला व अर्धें जमिनीकडे. 2009 सालीं स्टॅफर्डशरमध्यें सांपडलेल्या अँग्लो-सॅक्सन सुवर्णनिधीचे 32,85,000 पौंड असेच निम्मेनिम्मे वाटले गेले. मात्र जो परवानगीवांचून शिरला, त्याचा हिस्सा कमी होतो किंवा अजिबात बुडतो. आपल्याकडील 1878 च्या निधिविषयक कायद्यांत वाटणी निराळी आहे. उभयतांचा आधीं कांहीं करार झालेला नसेल, तर तीन हिस्से शोधणाऱ्याला व केवळ एक हिस्सा मालकाला. हा फरक विचार करण्याजोगा आहे.

आतां परवानगी मागावी कशी? पहिली अडचण अशी कीं, शेत कसणारा आणि शेताचा मालक हे पुष्कळदां दोन असतात. कुळानें होकार दिला म्हणून मालकाचा होकार मिळाला असें होत नाहीं. आणि मालकानें दिला तरी ज्याचें पीक उभें आहे त्याला वगळून चालत नाहीं. दोघांनाहि विचारावें हें बरें. वेळहि पाहावी लागते. सुगीच्या घाईंत किंवा मेंढ्या विण्याच्या दिवसांत दारीं आलेल्या पाहुण्याला कोणता शेतकरी प्रसन्न मुद्रेनें सामोरा जाईल? पीक निघून शेतांत धसकटें उरलेलीं असतात व पुढची पेरणी व्हावयाची असते, तो अवकाश या कामाला योग्य. म्हणून त्याच्या थोडें आधीं जाऊन भेटावें. आपलें नांव-गांव सांगावें, यंत्र दाखवावें, तें साधारण वीतभर खोलीपर्यंतचेंच नाणें दाखवितें आणि त्यासाठीं लहानसा खड्डा पुरतो, हें समजावून द्यावें. फाटक जसें असेल तसें ठेवणें, खड्डा लागलीच बुजविणें, आणि जें सांपडेल तें मग गंजका खिळा कां असेना, घरीं जाण्यापूर्वीं शेतकऱ्याला दाखविणें, एवढें पाळणाऱ्याला दुसऱ्या वर्षीं पुन्हा विचारण्याचा संकोच राहत नाहीं. शेतकऱ्याला खरी धास्ती सोनें जाण्याची क्वचितच असते; उघड्या खड्ड्यांत गुराचा पाय मोडण्याची असते.

तोंडी होकारावर मात्र विसंबूं नये. कोणतीं शेतें, कोणते दिवस, खणावयाचें कीं नाहीं, वाटणी कशी, हें कागदावर असावें. यांतील ‘खणावयाचें कीं नाहीं’ हा मुद्दा फारच नाजूक आहे. आयर्लंडांत टिपेररी परगण्यांत डेरीनाफ्लान येथील जुन्या मठाच्या जागीं 1980 सालीं एका पितापुत्रांना चांदीचा अप्रतिम धर्मपेला व इतर पात्रें सांपडलीं. तें स्थान पाहण्यास लोक येत-जात आणि मालकांची त्याला हरकत नसे. परंतु 1987 सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, येण्याची मुभा म्हणजे खणण्याची मुभा नव्हे. लाखों पौंडांच्या मागणीचे अखेर 50,000 पौंड हातीं आले. त्याच सालीं त्या देशानें सरकारी संमतीवांचून अशा यंत्रानें पुराणवस्तू शोधण्यास बंदी केली. इंग्लंडांतहि संरक्षित स्मारकांच्या जागीं मालकाचा होकार पुरत नाहीं. तेथें सरकारी लेखी परवाना लागतो.

रात्रीं दिवे घेऊन परक्या शेतांत शिरणारेहि तेथें आहेत. त्यांना ‘नाइटहॉक’ म्हणतात. परंतु 2015 सालीं लेमस्टरजवळ घडलेली चोरी भरदिवसांतल्या माणसांची होती. दोघांना व्हायकिंग काळचा निधि सांपडला. त्यांनीं जमिनीच्या मालकाला त्याचा सुगावा लागूं दिला नाहीं व नाणीं परभारें विकलीं. 2019 सालीं एकाला 10 व दुसऱ्याला साडेआठ वर्षांची कैद झाली. ती पुढें अपिलांत कमी झाली. नाणीं सुमारें 300 असावींत असा अंदाज आहे आणि त्यांतील थोडींच परत मिळालीं. जीं मिळालीं त्यांवरून वेसेक्सचा राजा आल्फ्रेड व मर्सियाचा राजा दुसरा केओलवुल्फ यांचें सख्य होतें असें दिसूं लागलें. या केओलवुल्फाला जुन्या बखरकारांनीं क्षुद्र ठरवून टाकलें होतें. उरलेल्या नाण्यांनीं आणखी काय सांगितलें असतें, तें आतां कळण्याचा मार्ग नाहीं. तीं कोणत्या क्रमानें पुरलीं होतीं हें तर कायमचेंच गेलें.

मिळालेली परवानगीहि चिरकालिक नसते. ती देणाऱ्याच्या मर्जीवर असते व तो ती केव्हांहि परत घेऊं शकतो. शेत विकलें गेलें किंवा मालक वारला, तर जुना कागद नव्या मालकाला बांधून ठेवीत नाहीं. वीस वर्षें त्या शेतांत वावरलेल्या माणसालाहि मग टोपी हातांत घेऊन पुनः दारापाशीं उभें राहावें लागतें.